मुंगीच्या स्वेटरची दुसरी बाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, घड्याळजीची विधवा, हे मृत्युपत्र माझ्याच घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; दडपण आणेल असे घरात कोणी उरलेलेही नाही. मी पूर्ण शुद्धीवर आहे. सकाळी चहा घेतला, औषधे घेतली, वार आणि तारीख कोणाला न विचारता आठवली. शरीराची गोष्ट वेगळी. रोग कुठे आहे ते इथे लिहायचे कारण नाही, तो मालमत्तेत मोडत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, मन स्थिर आहे असे स्वच्छ शब्दांत लिहा. तर माझे मन स्थिर आहे. दोन वर्षांपूर्वी माझी एकुलती एक मुलगी गेली, तेव्हापासून ते हललेलेच नाही. लोक याला धीर म्हणतात आणि माझे कौतुक करतात. मला ते धीरासारखे वाटत नाही. काहीच वाटत नाही. पण कायद्याला एवढे पुरते असे दिसते.

अक्षर वाकडे आले आहे त्याबद्दल: औषधांमुळे माझी बोटे बधिर झाली आहेत. पेन धरले आहे की नाही हे बघून ठरवावे लागते. अक्षर वाकडे असले तरी बुद्धी सरळ आहे, असे समजावे.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी आणि गळका नळ, मी माझ्या नातीला देते. नात चार वर्षांची आहे. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण रांगायला लागल्यापासून ती हरवली की साखरेच्या डब्यापाशी सापडते. ती सज्ञान होईपर्यंत घराची देखभाल माझ्या जावयाने करावी. भाडेकरू ठेवायला हरकत नाही. मात्र भाडेकरूला सांगावे की स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी आधी वर उचलायची आणि मग ढकलायची, नाहीतर बोट चिमटते. माझ्या मुलीचे चिमटले होते आणि तिने दिवसभर ते बोट साऱ्या मजल्याला दाखवत मिरवले होते.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुंगीच्या शिक्षणासाठी. शिक्षण म्हणजे नुसती शाळा नव्हे, पोहणेही त्यात धरावे. आमच्या घराण्यात कोणालाच पोहता येत नाही आणि सगळे ते बढाई मारल्यासारखे सांगतात.

कलम ३. माझा जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. महिन्यातले थोडे दिवस घरी असतो आणि त्यातले बरेचसे झोपतो. बोलणे कमी, पण माणूस सोन्यासारखा. मुलगी गेल्यावर तो माझ्याशी एकदाही दुःखाबद्दल बोलला नाही, मीही त्याच्याशी बोलले नाही. आम्ही टायरबद्दल बोलतो. त्याला माझ्या यजमानांचे मनगटी घड्याळ द्यावे. त्याने पुन्हा लग्न करावे. ही अट नाही, परवानगी आहे. त्याने मागितलेली नाही, पण देऊन ठेवते, म्हणजे पुढे कोणी माझे नाव पुढे करून त्याला अडवू नये.

कलम ४. धाकट्या भावाला भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ. त्याचा त्यावर लहानपणापासून डोळा आहे. ते मागे पडते. साऱ्या गल्लीची घड्याळे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात हेच एक कधी नीट चालले नाही, दिव्याखाली अंधार. तसेच माझी ॲल्युमिनियमची शिडी, जी त्याने पंखा पुसायला म्हणून नेली आणि मुलाचे लग्न होऊन सून आली तरी परत आणलेली नाही, ती आता मी त्याला रीतसर देते, म्हणजे ती चोरीची राहणार नाही.

कलम ५. यजमानांची हत्यारे, म्हणजे बारीक चिमटे, पेचकस आणि डोळ्याला लावायचे भिंग, खालच्या दुकानातल्या किल्लीवाल्याला. हे लिहिल्यावर वकीलबाईंनी मला थांबवले. किल्लीवाला माझा साक्षीदार होणार होता. त्या म्हणाल्या, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे मिळणे रद्द होते. मी किल्लीवाल्याला विचारले. तो म्हणाला, "ताई, सही काय, कोणीही करेल. ते भिंग मला द्या." तेव्हा त्याला साक्षीतून मोकळे केले.

मग मी ज्यांना काहीही देणार नाही अशी दोन माणसे शोधायला बसले. एक लगेच सापडला: नळवाला. तो आमच्याकडे इतक्या वेळा येऊन गेला आहे की त्याला माझ्या कपाटात काय कुठे आहे ते ठाऊक आहे, आणि नळ अजून गळतो. दुसरे नाव त्याच्याही आधी सुचले होते. ते कलम ९ मध्ये येईल.

कलम ६. वरच्या मजल्यावरच्या गायनमास्तरांना काही नाही. माझी पहाटेची झोप त्यांनी आधीच घेतलेली आहे.

कलम ७. मी मुंगीसाठी क्रोशाने जे जे केले ते तिचेच आहे, त्यामुळे ते मला देता येत नाही. फक्त नोंद करून ठेवते. जन्माआधी पायमोजे. ते विहीणबाईंनी, म्हणजे जावयाच्या आईने, उकळत्या पाण्यात धुतले आणि ते बाहुलीच्या मापाचे झाले. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "लोकरच कच्ची होती." लोकर कच्ची नव्हती. पुढे एक झबले, पहिल्या वाढदिवसाला हत्ती, आणि त्यानंतरच्या वर्षी एक टोपी. मुंगीला हत्ती द्यायचा ही कल्पना माझ्या मुलीची. अंग करडे आणि कान पिवळे हेही तिनेच ठरवले. मी म्हटले, हत्तीचे कान पिवळे कुठे असतात? ती म्हणाली, "आई, तू कर गं, हत्तीला कुठे आरसा आहे!" मुंगी त्या हत्तीचा डावा कान मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही.

क्रोशाच मी का धरला, ते नातीला मोठेपणी कळावे म्हणून सांगते. एक्स्चेंजमध्ये समोरच्या बोर्डावर दिवा लागला की हातातले सोडून कॉल जोडावा लागे. दोन सुयांचे विणकाम असे सोडले तर टाके सुईवरून घसरतात, आणि ओळभर टाके पुन्हा गोळा करत बसावे लागते. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो. तो एक सांभाळला की बाकीचे कुठेही जात नाहीत. आम्ही सगळ्या जणी मांडीवर क्रोशा ठेवून नोकरी करत होतो. दिवा लागला, सोडला. दिवा विझला, उचलला. अर्ध्या ओळीत थांबायची मला आयुष्यभराची सवय.

कलम ८. कपाटात वरच्या फळीवर एक लाल स्वेटर आहे. मुंगी येत्या जूनमध्ये शाळेत जाईल त्यासाठी करायला घेतला होता. गळा झाला, पाठ-पोट झाले, उजवी बाही झाली. डावी बाही होणार नाही. आता लोकर बोटांना कळत नाही; टाका उचलला की सुटला ते बघितल्याशिवाय समजत नाही, आणि असे बघून बघून केलेल्या दोन ओळी मी स्वतःच उसवल्या. हा स्वेटर दुसऱ्या कोणाला पुरा करायला देऊ नये. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो आणि दोन हातांचे काम एका स्वेटरात लपत नाही. मी गेल्यावर तो उसवून गुंडे करावेत आणि ज्याला हवी त्याने लोकर न्यावी. एका बाहीचा स्वेटर पोरीच्या नजरेस पडू नये.

(हे कलम मी पुढे बदलले आहे. खाडाखोड केली की कागदावर शंका येते असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून खोडलेले नाही.)

कलम ९. विहीणबाईंना काही नाही. त्या पहिल्या साक्षीदार.

याचे कारण पायमोजे नव्हे. माझ्या मुलीला साधा ताप म्हणून दवाखान्यात नेले होते आणि ताप साधा निघाला नाही. बाहेरच्या बाकावर मी बसले होते, शेजारी विहीणबाई. मी मुंगीची टोपी करत होते. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितले. मी हातातली ओळ पूर्ण केली आणि मग उठले. का पूर्ण केली ते मला सांगता येणार नाही. साऱ्या जन्मात तेवढीच ओळ मी अर्धी सोडू शकले नाही. पुढे विहीणबाई नात्यात चार ठिकाणी म्हणाल्या, "पोटची पोर गेली आणि ही बाई विणत बसली." ते चारही ठिकाणांहून माझ्यापर्यंत पोचले. मी त्यांना कधी काही बोलले नाही. भांडायला राग लागतो, आणि मला तोही आला नाही. फक्त ते लक्षात राहिले आहे. तेव्हा त्यांनी सही करावी, आणि सहीबरोबर माझे त्यांना काही देणे उरू नये.

इथपर्यंत मी शनिवारी लिहिले. पुढचे आज, रविवारी, सह्यांच्या वेळी जे झाले त्यानंतर लिहीत आहे.

दर रविवारप्रमाणे विहीणबाई मुंगीला घेऊन आल्या. मुंगी हत्तीसकट टेबलाखाली गेली. नळवाला आधीच आला होता, आणि वकीलबाई यायला अवकाश होता म्हणून त्याने सिंकखाली डोके घातले होते. मी कागद विहीणबाईंपुढे ठेवले आणि सही कुठे करायची ते दाखवले. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते हेही सांगितले. पण विहीणबाई वाचल्याशिवाय सही करत नाहीत. हा त्यांचा गुण मी मान्य करते. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. शिडीपाशी त्या हसल्या. पायमोज्यांपाशी "लोकर कच्चीच होती" असे पुटपुटल्या. मग कलम ९ आले आणि ते त्यांनी ओळीखाली बोट धरून दोनदा वाचले.

"हे मी म्हणाले होते," त्या शेवटी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"काय विचारायचं? तुम्ही म्हणालात ते खरंच होतं. मी विणतच होते."

त्यांनी पेन उचलले, टोपण काढले, पुन्हा लावले.

"मी सही नाही करणार."

"का? काही खोटं लिहिलंय का?"

"नाही, सगळं खरंय. पण सही केली तर मला यातलं काही मिळणार नाही ना?"

"तसंही काही ठेवलेलं नाही."

"मग ठेवा. मला ती क्रोशाची सुई द्या."

सिंकखालचा आवाज थांबला. मला वाटले, ऐकण्यात माझी चूक झाली. पण चाळीस वर्षे ऐकण्याचीच नोकरी केली, अशी चूक मी सहसा करत नाही. मी म्हटले, "तुम्हाला साधी साखळी तरी घालता येते का?"

"नाही येत. म्हणून तर तुम्ही आहात तोवर मागते आहे." त्यांनी टेबलाखाली वाकून मुंगीकडून हत्ती मागितला. मुंगीने तो सहजासहजी दिला नाही. हत्तीचा डावा कान काळ्या दोऱ्याने शिवलेला होता, शर्टाचे बटण शिवावे तसा. "परवा कान निघाला. मी शिवला. तर ही म्हणते, हा कान हत्तीचा नाही. रडून रडून झोपली, ती बसल्या बसल्या. आता तुम्ही..."

"बोला. मी गेल्यावर. त्यासाठीच कागद काढलाय."

"तुम्ही गेल्यावर हिला काय सांगू? आणि स्वेटर म्हणे उसवून टाका. त्या गुंड्यांचं मी काय करू, डोक्यावर घेऊन नाचू?"

विहीणबाईंनी हत्ती मांडीवर घेतला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमच्या शेजारी बसले होते. तुमच्या हातात काहीतरी होतं. माझ्या हातात काही नव्हतं. नुसते हात होते. मला तुमचा इतका राग आला, इतका, की ती बिचारी आत गेली त्याचं दुःख करायचं सोडून मी तुमच्याच हातांकडे बघत होते. म्हणून बोलत सुटले."

हे ऐकून मला रडू यायला हवे होते. आले नाही. मी उठले, कपाटातून सुई आणि पिवळ्या लोकरीचा उरलेला गुंडा आणला आणि खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली.

काळा दोरा कापला. मग पहिली साखळी. विहीणबाई सुई डाव धरल्यासारखी धरतात. त्यांचा टाका सैल; त्यातून करंगळी जाईल. मी सांगत होते, पण सांगून हाताला कळत नाही, आणि माझ्या बोटांना दोरा कळत नव्हता. शेवटी मी त्यांच्या मुठीला माझी मूठ लावून हात वळवला. मनगटाला मनगट लागले. त्यांचा हात गरम होता. माझ्या बोटांना ते समजले नाही, मनगटाला समजले. एवढे मला बऱ्याच दिवसांत समजले नव्हते, म्हणून इथे लिहिले.

मुंगी टेबलाखालून बाहेर आली होती. ती मला लोकरआजी म्हणते आणि त्यांना नुसती आजी. ती म्हणाली, "लोकरआजी, आजीला येत नाहीये."

"येईल."

"शाळा सुरू व्हायच्या आत?"

"तू गप्प बस गं," विहीणबाई म्हणाल्या. "टाका सुटतो."

वकीलबाई आल्या तेव्हा कान अर्धा झाला होता आणि पहिला साक्षीदार हातचा गेला होता. मी नळवाल्याला वर पिटाळले. ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही असे या इमारतीत आता एकच गृहस्थ उरले होते. गायनमास्तर रियाज अर्धा टाकून खाली आले. त्यांना माझा आक्षेप वाचून दाखवला नाही.

कलम १०. कलम ८ आणि ९ मधले जे याच्या विरुद्ध जाईल ते रद्द समजावे. माझी क्रोशाची सुई, सगळी लोकर आणि लाल स्वेटर मी विहीणबाईंना देते. पायमोज्यांबद्दल मी माफ केलेले नाही; लोकर कच्ची नव्हती. दुसऱ्या गोष्टीबद्दल माफ करण्यासारखे काही उरले आहे असे मला वाटत नाही.

स्वेटरची डावी बाही विहीणबाईंनी करावी. त्यांचा हात सैल आहे, त्यामुळे ती उजवीपेक्षा लांब आणि ढगळ होईल. कोणी काही म्हटले तर म्हणू द्यावे. मुंगीने विचारले तर खरे सांगावे: उजवी लोकरआजीची, डावी आजीची.

मुलीची जात झपाट्याने वाढते. माझी बाही घट्ट आहे, म्हणून आधी तीच आखूड पडेल. तेव्हा आठवण म्हणून ती जपून ठेवू नये. हात उघडा राहून पोरीला थंडी लागते. बाही खांद्याकडून मनगटाकडे केलेली आहे. मनगटाशी आतल्या बाजूला एक गाठ दुमडून ठेवली आहे. ती सोडवून दोरा ओढला की सगळी बाही एका दमात निघून येईल, अडणार नाही. गुंडा करावा, जोडीला थोडी नवी लोकर घ्यावी, आणि विहीणबाईंनी ती पुन्हा घालावी. तोवर त्यांचा हात बसलेला असेल.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली आहे. सही हलली आहे. माझीच आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल, खिडकीकडची बाजू.

दिनांक: आजचा रविवार. आकडा वकीलबाईंनी स्वतःच्या हाताने वर कोपऱ्यात घातला आहे, कारण माझे सात आणि एक सारखेच दिसू लागले आहेत.

सही: घड्याळजीची विधवा, मुंगीची लोकरआजी

साक्षीदार पहिले: वरच्या मजल्यावरचे गायनमास्तर (सही)

साक्षीदार दुसरा: नळवाला (सही, कागदावरचा पाण्याचा डाग त्याचा आहे, दुसरा कसला नाही)

विहीणबाई: हजर. लाभार्थी असल्यामुळे सही केलेली नाही.